तिथीवर चालणारा पंप

हर्डीकर साहेबांनी नळकांड्यातली गुंडाळी ओढून काढली, अंगणातल्या फरशीवर आडवी ठेवली आणि हात पुसत मला म्हणाले, "हसबनीस, कोयता आणा."

कोयता बाबल पेडणेकरच्या कमरेला होता. बाबल आमचा पंपचालक. तो पुढे झाला. "सायबानू, माका द्या. सोलूचा काम माझा."

त्याने गुंडाळीवरची जाड चिकटपट्टी उभी कापली आणि सतरंजीची वळकटी सोडावी तशी ती उलगडली. आत पांढऱ्या पडद्याचे थर होते. म्हणजे पांढरे असायला हवे होते. दोन महिन्यांपूर्वी मी ते पांढरे पाहिले होते. आता त्यांच्यावर तपकिरी, बुळबुळीत साय धरली होती. बोट फिरवलं की नखावर गोळा होत होती.

"तिसरा संच," साहेब म्हणाले. "आता उरला एक."

ही गोष्ट १९८४ सालची. मी सत्तावीस वर्षांची होते, मिरजेहून आलेली, रसायनशास्त्राची पदवी आणि एक ट्रंक घेऊन. माडतळ म्हणजे मालवणच्या बाजूची वाळूची एक लांब पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी, मध्ये माड आणि साठेक घरं. विहिरी सगळ्या मचूळ. प्यायचं पाणी आणायला बायका होडी वल्हवत खाडीपलीकडच्या विहिरीवर जायच्या. एका खेपेला दीड तास. आमच्या संस्थेने तिथे प्रयोग म्हणून एक छोटा कारखाना उभा केला होता. खाडीच्या तोंडाशी पाइप टाकून खारं पाणी खेचायचं, वाळूतून गाळायचं, दोऱ्याच्या गाळण्यातून गाळायचं आणि मग मोठ्या दाबाने त्या पडद्यांतून ढकलायचं. मीठ अलीकडे राहतं, गोडं पाणी पलीकडे झिरपतं. घरटी दोन कळशा मिळायच्या.

पण पडदा टिकत नव्हता. पाण्यात विरघळलेली कसली तरी घाण वाळूतून आणि दोऱ्यातून निसटायची आणि पडद्यावर जाऊन बसायची. पडदा चोंदला की पाणी कमी, मग दाब वाढवायचा, मग आणखी चोंदायचा. सोड्याच्या पाण्याने धुतला की कोऱ्या चहासारखं पाणी निघायचं, चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. मुख्य कचेरीचं पत्र आलं होतं. शेवटचा संच सहा आठवडे दाब न वाढता चालला तर कारखाना माडतळला राहील. नाहीतर सगळी यंत्रं उचलून दुसरीकडे नेतील.

"ही घाण येते कुठून, एवढं शोधायचं तुमचं काम होतं," साहेब मला म्हणाले. आवाज चढवला नव्हता. ते कधीच चढवत नसत, म्हणून जास्त लागायचं. "तुमची वही बघतो मी. पाच दिवस पाणी स्वच्छ, सहा दिवस घाण, पुन्हा स्वच्छ. हे पाणी आहे की एकाआड एक येणारा ताप?"

"मी बाटल्या तीनदा धुते, साहेब."

"मग चार वेळा धुवा."

तेवढ्यात कुंपणाशी कोणीतरी खाकरलं. द्वारकाकाकी तांडेल कळशी घेऊन उभी होती. साठीची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. डावा खांदा तीस वर्षं वल्हं मारून गेला होता. तो हात खांद्याच्या वर जात नसे. भरलेली कळशी ती उजव्या हातानेच उचलून डोक्यावर ठेवायची, आणि कोणी मदतीला आलं की "सर बाजूक, माका हात आसा" म्हणून हाकलायची.

"बाय, ह्या काय ता?" तिने पडद्याकडे बोट केलं.

"हाच तो पडदा, काकी. खराब झाला. आता दोन दिवस पाणी नाही."

ती फरशीजवळ उकिडवी बसली. बोटाने साय खरवडली, दोन बोटांत चोळली आणि नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

"कसला वास येतोय?" मी विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली. रिकामी कळशी घेऊन उठली आणि निघून गेली.

"काकीन आज एक शिवी पण दिल्यान नाय," बाबल म्हणाला. "तब्येत बरी नाय दिसता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेचं दार उघडलं तर ती पायरीवर बसली होती. हातात केळीच्या पानाची पुरचुंडी. मी बसायच्या आत तिने ती उघडून माझ्या नाकाशी आणली. मी मागे सरकले.

"पळतंस कित्याक? घे वास. मगे तो पडदो हुंग."

पानात चिखलाने काळं पडलेलं ओलं सोडण होतं. नारळावरचं साल. माडतळच्या चाळीसेक बायका ते खाडीच्या काठाला खड्डे खणून चिखलात पुरत. दहा महिने भरतीओहोटीच्या पाण्यात कुजलं की उकरून काढत, दांडक्याने बडवत आणि निघालेल्या काथ्याचं मांडीवर सुंभ वळत. प्रत्येकीचा खड्डा वेगळा, प्रत्येकीच्या खड्ड्यावर स्वतःच्या खुणेचा खुंटा. खड्डा उघडला की खुंटा उपटून घरी न्यायचा, अशी रीत. काकीचा खड्डा सगळ्यांच्या खाली, खाडीच्या तोंडाशी होता. तिची खूण म्हणजे मोडक्या वल्ह्याचं एक पातं, चिखलात उभं रोवलेलं.

मी आत जाऊन कालच्या पडद्याचा तुकडा आणला. एकदा हा हुंगला, एकदा ते. तोच वास. कुजका, तुरट, थोडा गोडसर.

"काल माका कळला," काकी म्हणाली. "पण जीब हलाक नाय."

"का?"

"का म्हणजे? चाळीस बायलांचा पोट त्या खड्ड्यांत आसा. तुझो सायब काय म्हणतलो? बुजवा. सरकाराचो कागद येतलो, खड्डे बुजतले." ती थांबली. "आणि नाय सांगलंय तर तुमी यंत्र उचलून जातलास. मगे परत ती होडी. ह्यो हात तर गेलोच. सुनेचो पण जातलो."

सोडण कुजताना सालीतला रंग, चीक, डिंकासारखं काय काय पाण्यात उतरतं. दोन महिने मी समुद्रातली मेलेली मासळी आणि शेवाळ शोधत होते, आणि हे माझ्या खिडकीतून दिसत होतं. रोज त्या खड्ड्यांवरून चालत कामाला येत होते मी.

"पण मग काकी, रोजच घाण यायला हवी. माझ्या वहीत पाच-सहा दिवस एकदम स्वच्छ पाणी दिसतं."

"बगू दी."

तिला वाचता येत नव्हतं. तरी मी वही पुढे केली आणि समजावलं. रोज दहा वाजता खाडीचं पाणी बाटलीत घ्यायचं, त्यात गुलाबी औषध घालायचं, गुलाबी रंग जितका लवकर फिका पडेल तितकी पाण्यात घाण जास्त. हे आकडे त्याचे.

"कोणत्या तिथीक?"

"तिथी नाही, तारीख आहे. पाच तारीख, सहा तारीख..."

"तारीख घेवन काय करू? तिथी सांग."

भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मी तारीख वाचायची, तिच्याखालची तिथी सांगायची, आणि वहीत शेजारी पेन्सिलीने लिहायची. शुद्ध चतुर्थी, घाण. पंचमी, घाण. षष्ठी, सप्तमी, अष्टमी, घाण. दशमीपासून उतरत चाललेली. द्वादशी, स्वच्छ. पौर्णिमा, स्वच्छ. मग वद्य चतुर्थी, पुन्हा घाण. माझ्या हातातली पेन्सिल हळू होत गेली. दोन महिन्यांच्या चारही पक्षांत एकही दिवस चुकत नव्हता.

"तुमचो पंप कधी चालता?" काकीने विचारलं.

"आठ ते बारा."

"रोज?"

"रोज. कचेरीची वेळ आहे ती."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. दात थोडेच होते, पण हसणं मोठं. "अगो, खाडी काय कचेरीत नोकरीक आसा? भरती रोज पाऊण तास पुढे सरता. पंचमीक तुझे दहा वाजले की खाडी सुकलेली. खड्ड्यातली सगळी घाण निथळून पायपाच्या तोंडाक. आणि तू तीच खेचतंस! पुनवेक दहा वाजता निळा पाणी, म्हणान तुझा औषध गुलाबी."

"तुम्हाला रोजची भरतीची वेळ पाठ आहे?"

"पाठ कसली? पाऊणकी येता माका. तिथीची पाऊणकी केली की भरतीची वेळ. बापूस होडयेत बसवन म्हणून घेय. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. चुकलंय की वल्ह्याचा पाणी अंगार उडय."

मी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली होती. छड्या खाल्ल्या होत्या. ती कशासाठी असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"शाबास. कारण सापडलं," ते म्हणाले. "आता सोपं आहे. तहसीलदारांना पत्र लिहितो. खड्डे पलीकडे हलवायला सांगू."

"पलीकडे खडक आहे, साहेब. चिखल याच काठाला आहे."

"मग पाइप समुद्राच्या बाजूला टाका म्हणता? पहिल्याच जूनमध्ये लाटा घेऊन जातील." त्यांनी कागद ओढला. "सहा आठवडे आहेत, हसबनीस. मला भावनेत पडायला वेळ नाही."

दारात काकी उभी होती. मी तिला बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण ती थांबणाऱ्यांतली नव्हती.

"लिवा कागद," ती म्हणाली. "पण आधी माका एक इचारा. पाणी कधी खेचूचा ता."

साहेबांनी वर पाहिलं. मग टेबलाच्या खणातून बंदर खात्याचं छापील भरतीचं कोष्टक काढलं. मला वाटतं, तिला गप्प करावं एवढाच त्यांचा हेतू होता.

"आज भरती किती वाजता?"

"आज षष्ठी. सहा पाऊण साडेचार."

त्यांनी कोष्टकात बोट फिरवलं. चार वाजून वीस मिनिटं.

"येत्या मंगळवारी?"

काकीने बोटांची पेरं मोजली. "मंगळवारी बारस. बारा पाऊण नऊ."

आठ त्रेपन्न. साहेबांनी पान उलटलं. "पुढच्या महिन्याची अमावास्या?"

"सव्वाअकरा. पण अवसेक उधाण असता, पाणी पायरेक लागतला. बाबलाक सांगा, पंपाची मोटार वर उचलून ठेव."

बाबल खिडकीबाहेरून ऐकत होता. तो म्हणाला, "सायबानू, गेल्या अवसेक मोटार भिजली ती ह्याच्यामुळे. माका तुमी पगार कापूची धमकी दिलास."

साहेब पहिल्यांदा हसले. म्हणजे ओठाची एक बाजू हलली. कोष्टक मिटून त्यांनी बाजूला ठेवलं. दर वर्षीचं नवं कोष्टक त्यांच्या खणात येऊन पडत होतं. पंपाची वेळ ठरवताना कोणाला ते उघडावंसं वाटलं नव्हतं, कारण कचेरी आठला उघडत होती.

"भरती पुरी व्हायच्या आधी अडीच तास, नंतर अर्धा," काकी सांगत होती. "सुरवातीची भरती घेव नको. ओहोटीन भायर नेलेली घाण तीच परत हाडता. उशिराची घे. दोन भरत्यांतली एक उजेडात येताच."

"आणि खड्डे उघडता तेव्हा?"

"तुमचो पंप चालू असताना कोण उघडूचा नाय. माझी जबाबदारी."

"चाळीस बायका ऐकतील तुमचं?"

"सायबानू," बाबल म्हणाला, "काकीचा ऐकणा नाय असो एक घोव नाय गावात. बायलांचा काय घेवन बसलास."

साहेबांनी पेनाला टोपण घातलं. "सहा आठवडे. दाब वाढलेला दिसला तर हे पत्र मी स्वतः टपालात टाकीन."

शेवटचा संच बसवला. बाबलने बायकोच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा बांबूला बांधला. तो पंपघरावर चढलेला असला की पंप चालू, खड्ड्याला हात लावायचा नाही. उतरला की मोकळीक. माझ्या वहीतला पहिला रकाना बदलला. तारखेच्या आधी तिथी. पंप कधी पहाटे सहाला सुरू व्हायचा, कधी भर दुपारी दोनला. बाबलची जेवणाची वेळ रोज बदलायची आणि तो रोज मला त्याबद्दल दोन शब्द ऐकवायचा.

ते दिवस माझ्या अजून डोळ्यांसमोर आहेत. खाडीच्या काठावर बायका पदर खोचून, दांडकी मांडीवर घेऊन लाल फडक्याकडे बघत बसायच्या. कोणी उवा काढतंय, कोणी भांडतंय. फडकं उतरलं की सगळ्या एकदम उठायच्या. एकदा एका तरुण सुनेने फडकं असतानाच खड्ड्यावरचा दगड हलवला, तर काकी चिखलातून तिच्यापर्यंत कशी पोचली ते मला कळलंही नाही. "तुझ्या पोटातला पोर ह्याच पाण्यार वाढतला, मेले!" एवढं ओरडली की पलीकडच्या तीरावरचे बगळे उडाले.

एक आठवडा, दाब तेवढाच. तीन आठवडे, तेवढाच. दाबाच्या काट्याकडे मी देवाकडे बघावं तशी बघायचे. पाचव्या आठवड्यात अर्धा अंश सरकला. साहेबांनी काचेवर टिचकी मारली, काटा परत जागेवर गेला. "काटा अडकला होता," ते म्हणाले, आणि मला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला.

तपासणीची तारीख मुख्य कचेरीने ठरवली. तारीखच ठरवली. कॅलेंडरवर पाहिलं तर मार्गशीर्ष वद्य पंचमी.

तीन अधिकारी सकाळी साडेनऊला होडीतून उतरले. त्यांचे प्रमुख चिटणीस साहेब, पांढरे बूट घातलेले. खाडी सुकत आली होती आणि वरच्या अंगाचे दहाबारा खड्डे बायकांनी त्याच सकाळी उघडले होते, कारण लाल फडकं उतरलेलं होतं. आम्हीच त्यांना तसं सांगितलं होतं. पाइपाच्या तोंडाशी पाणी चहासारखं लाल-तपकिरी. वासाने एका अधिकाऱ्याने रुमाल काढला.

"चला, सुरू करा," चिटणीस साहेब म्हणाले. "आम्हाला एकच्या होडीने परतायचंय."

मी हर्डीकर साहेबांकडे पाहिलं. एक बटण दाबलं की ते पाणी पडद्यावर जाणार. चार तास चाललं तर सहा आठवड्यांचं सगळं पाण्यात जाणार. आणि नाही दाबलं तर तपासणी झाली नाही असा शेरा.

"आत्ता नाही चालवत आम्ही," हर्डीकर साहेब म्हणाले. "सव्वाला सुरू होईल. पाणी बघायचं तर पावणेचारला थांबा."

"म्हणजे काय? मुहूर्त आहे का?"

"तसंच समजा."

"हर्डीकर, तुम्ही शास्त्रज्ञ आहात ना?"

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी मला खूण केली. "ह्यांना विचारा. पाण्याची वही ह्यांच्याकडे आहे."

मी वही उघडली. मला आठवतं, मी पहिलीच तिथी चुकीची वाचली. चिटणीस साहेबांनी वहीवरून नजर उचलून खाडीकडे पाहिलं. "आणि हे काय आहे? ही घाण कसली?"

तेवढ्यात काठावरून काकी आली. हातापायांना काळा चिखल, पदराने तोंड पुसत.

"आमची घाण ती," ती म्हणाली. "आमच्या सोडणाची. लपवन काय करू? पावणेचारांक येवा, हीच खाडी तुमका निळी दाखयतंय. नाय दिसली तर यंत्र उचला, मीच होडयेत घालून देतंय."

"एकची होडी जाईल आमची."

"होडी माझ्या झिलाची. मी सांगतंय तेवा सुटतली." आणि त्यांच्या पांढऱ्या बुटांकडे बघून म्हणाली, "ते काढून ठेवा. जेवूक बसा. बांगडे आणलेत. भात तुमच्याच पाण्याचो."

ते जेवले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बाबलच्या ओटीवर पान मांडलं होतं. चिटणीस साहेब सुरुवातीला घड्याळ बघत होते, तिसऱ्या बांगड्यानंतर बघायचे थांबले. सव्वाला बाबलने फडकं चढवलं. काठावरच्या बायका एकदम खाली बसल्या, जणू कोणी कवायतीचा हुकूम दिला. पाणी चढत गेलं. तपकिरी रंग पातळ झाला, हिरवट झाला. पावणेचारला पाइपाच्या तोंडाशी तळाची वाळू दिसत होती.

मी गुलाबी औषध टाकलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. गुलाबी तसंच. दाबाचा काटा सहा आठवड्यांपूर्वी होता तिथे. चिटणीस साहेबांनी काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. त्यांनी नळाखाली ओंजळ धरली आणि प्यायले.

"अहवालात पंपाच्या वेळेचं कोष्टक जोडा," ते हर्डीकर साहेबांना म्हणाले. "कोणी तयार केलं?"

"मी नाही," साहेब म्हणाले. "द्वारकाबाई तांडेल. स्पेलिंग मी लिहून देतो."

होडी सुटली तेव्हा मी काठावर उभी होते. वर उघडलेल्या खड्ड्यांजवळ एकही खुंटा उरला नव्हता. फक्त खाली, पाइपाच्या तोंडापासून वीस पावलांवर, मोडक्या वल्ह्याचं पातं पाण्यातून अर्धं वर आलेलं होतं. मी ते पाहिलं. आनंदात होते, पाहून पुढे गेले.

चार दिवसांनी बाबल म्हणाला, "काकीन आज खड्डो उघडल्यान." मी खाली गेले. वल्ह्याचं पातं उपटून वाळूत आडवं टाकलेलं होतं. काकी आणि तिची सून चिखलातून सोडणं उपसत होत्या. बाकीच्यांच्या सोडणातून निघतो तसा तांबूस काथ्या नव्हता तो. काळा होता, जास्त कुजून गळलेला.

काकीने एक मूठ धुतली, मांडीवर घेऊन वळायला लागली. दोन वेढे पडले आणि धागा तुटला. दुसरी मूठ घेतली. तीही तुटली. सून पाठ करून उभी राहिली.

"काकी, हा कधीचा?"

"तुळशीच्या लग्नाक दहा महिने झाले."

तुळशीचं लग्न होऊन दीड महिना होत आला होता. "मग तेव्हाच का नाही काढलात? बाकीच्यांसारखा ओहोटीला?"

"अगो, त्यांचे खड्डे वर. त्यांची घाण ओहोटीन भायर जाता. माझो तुझ्या पायपाच्या तोंडाक. मी उघडलंय असतंय तर आठ दीस थयसरच घुटमळली असती. पडदो गेलो असतो."

"मला सांगायचं तरी."

"सांगून? तू सायबाक सांगतलंस. तो पाइप हलवूक बगतलो. सहा आठवडे होते, बाय. खयसून हाडूचे जास्त?"

पहिल्या दिवशी, पायरीवर पुरचुंडी घेऊन बसली होती, तेव्हाच तिला हे माहीत होतं. चाळीस बायकांच्या खड्ड्यांसाठी ती साहेबांशी बोलली. त्यांत स्वतःचा तिने धरलाच नव्हता.

मी काही बोलायला तोंड उघडलं. तिने चिखलाचा हात वर करून थांबवलं. उजवाच हात.

"सुंभ होवचा नाय ह्याचा," ती म्हणाली. "पण कळशे घासूक ह्याच्यासारखा मऊ काय नाय."

त्या संध्याकाळी नळावर सगळ्या घरांतल्या बायका आल्या. काकीने टोपलीभर काळा काथ्या आणून ठेवला होता, शेजारी राख. प्रत्येकीला मूठ मूठ वाटत होती. चाळीस-पन्नास कळशा एकाच वेळी घासल्या जात होत्या, तांब्याचा रंग वर येत होता.

बाबलची बायको म्हणाली, "काकी, एवढो चोथो फुकट कसो वाटतंस? म्हातारपणी दानधर्म?"

"नव्या पाण्याक घासलेलो कळशो व्हयो," काकी म्हणाली. "बडबड कमी कर, गळ्याकडे घास. थय काळो रवलोहा."

काकीने खड्डा का थांबवला, ते कोणाला ठाऊक नव्हतं. सून एका बाजूला मान खाली घालून घासत होती. मी खोलीतून माझा तांब्या आणला आणि रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा काकीने वर पाहिलं, टोपलीत हात घातला आणि सगळ्यांना दिली त्याहून थोडी मोठी मूठ माझ्या हातात ठेवली.

"मिरजवाल्यांका भांडी घासूक येतत काय गो?" तिने विचारलं. बायका हसल्या.

मी खाली बसले आणि घासत राहिले. तांब्या लख्ख झाल्यावरही बराच वेळ.